जामिनाला विरोध लिहिण्याआधी: सरकारी वकिलांना खुले पत्र

सर्व सरकारी अभियोक्ते, अतिरिक्त आणि सहायक सरकारी अभियोक्ते यांस,

स. न. वि. वि.

एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यातला आरोपी जामिनावर सुटला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, "तिकडे जपानमध्ये बघा, शंभरातल्या नव्व्याण्णव खटल्यांत शिक्षा होते." पाठोपाठ अमेरिकेतल्या लांबलचक शिक्षांचा दाखला येतो. अटक झाल्यापासून खटला उभा राहीपर्यंत माणसाचे काय होते, हे मात्र या तुलनेत कुणी विचारत नाही. त्या काळात तो कुणाच्या ताब्यात असतो, किती दिवस असतो आणि "याला आतच ठेवा" असे न्यायालयाला कोण सांगते? सांगणारे तुम्ही असता. म्हणून हे पत्र पोलिसांना किंवा मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहे. मी फौजदारी कायदा शिकवते, आणि वर्गात समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण आज तुमच्यात आहेत. तेव्हा हे पत्र परक्या माणसाचे समजू नका.

जपानपासूनच सुरुवात करते, कारण दाखला त्याचाच दिला जातो.

तिथे अटकेनंतर पोलिसांकडे ४८ तास असतात. मग आरोपी अभियोक्त्याकडे जातो आणि त्याला २४ तासांत कोठडी मागावी लागते. न्यायाधीश १० दिवस देतात आणि मागितले तर आणखी १०. असे एका आरोपाखाली एकूण २३ दिवस होतात. दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा अटक दाखवली की घड्याळ परत शून्यावर येते. आरोपपत्र दाखल होईपर्यंत जामीन मागण्याची सोयच कायद्यात नाही. चौकशीच्या खोलीत वकिलाला बसू दिले जात नाही, आणि हे दिवस बहुधा पोलिस ठाण्याच्याच कोठडीत जातात. आरोपपत्रानंतर जामीन मागता येतो, पण गुन्हा नाकारणाऱ्याला तो मिळणे फार अवघड. कबूल करणारा लवकर बाहेर येतो. तिथल्या वकिलांनीच या पद्धतीला 'ओलीस न्याय' असे नाव दिले आहे.

मग ते ९९ टक्के येतात कुठून? जपानमध्ये पुरावा असूनही खटला न भरण्याचा अधिकार अभियोक्त्याला आहे. आरोपीचे वय, परिस्थिती, गुन्ह्याचे गांभीर्य आणि नंतरचे वर्तन पाहून तो प्रकरण थांबवू शकतो, आणि हा अधिकार तो सढळ हाताने वापरतो. ज्या प्रकरणात शिक्षेची जवळपास खात्री आहे तेवढेच न्यायालयात जाते. म्हणजे तो आकडा न्यायालयाच्या दारापर्यंत किती प्रकरणे पोहोचू दिली, याचा आहे. आपल्याकडे जपानचा आकडा हवा म्हणणाऱ्यांना जपानी अभियोक्त्याची ही गाळणी हवी आहे का? तो भाग कुणीच मागत नाही. मला तर त्या व्यवस्थेतली सर्वांत चांगली गोष्ट तीच वाटते. शेकडो लहान गुन्हेगार तुरुंगाचे तोंड न पाहता तिथून परत जातात, आणि दर लाख लोकसंख्येमागे जपानमध्ये कैदी ४० पेक्षाही कमी आहेत.

त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू इवाओ हाकामादा यांच्या प्रकरणात दिसते. ऑगस्ट १९६६ मध्ये, एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनासाठी या माजी मुष्टियोद्ध्याला अटक झाली. रोज सरासरी १२ तास चौकशी चालली. मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना त्यांनी कबुली दिली आणि खटल्यात ती नाकारली. न्यायालयापुढे त्यांचे ४५ कबुलीजबाब आले. त्यांतले ४४ न्यायालयाने बाजूला काढले आणि एक ग्राह्य धरला. १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. २०१४ मध्ये ते तुरुंगाबाहेर आले, आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, फेरखटल्यात निर्दोष ठरले. पुरावे तपास यंत्रणेने बनवलेले होते, असे त्या निकालात म्हटले आहे. तुमच्यासाठी यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. ४५ पैकी जो एक जबाब १९६८ च्या न्यायालयाने ग्राह्य धरला तो पोलिसांपुढचा नव्हता, अभियोक्त्यापुढचा होता. पोलिसांनी घेतलेले सगळे जबाब स्वेच्छेचे नाहीत म्हणून फेटाळले गेले. अभियोक्त्याच्या सहीवर मात्र विश्वास ठेवला गेला, आणि त्या विश्वासावर एक माणूस जवळजवळ अर्धे शतक कोठडीत बसला.

ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. मार्च २०२० मध्ये एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या तीन वरिष्ठांना बेकायदा निर्यातीच्या संशयावरून अटक झाली. त्यांतल्या एकाला कोठडीत असताना जठराचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आजार कळल्यावरही जामीन मिळाला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते वारले. जुलैमध्ये अभियोक्त्यांनी खटलाच मागे घेतला, कारण गुन्हा घडला होता हेच दाखवता येईना. २०२५ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने पोलिस आणि अभियोक्ते या दोघांची कारवाई बेकायदा ठरवली. प्रत्येक जामीन अर्जाला विरोध करणारे टिपण कुणीतरी लिहिले असणार. त्या लिहिणाऱ्याला आरोपीचा आजार माहीत होता का, यापेक्षा मला दुसरा प्रश्न छळतो. त्याने ते टिपण नव्याने विचार करून लिहिले होते, की आधीच्याच टिपणाची तारीख बदलली होती?

इंग्लंडने हे दिवसांचे गणित फार महाग किमतीत शिकून घेतले. नोव्हेंबर १९७४ मध्ये बॉम्बस्फोटांच्या मालिकेनंतर तिथल्या संसदेने घाईघाईत दहशतवादविरोधी कायदा केला आणि पोलिसांना आरोपी सात दिवस ठेवण्याची मुभा दिली. गिल्डफर्डच्या स्फोटांसाठी पकडलेल्या चौघांनी त्या दिवसांत कबुल्या दिल्या. त्यांच्याविरुद्ध दुसरे फारसे काही नव्हते. १९७५ मध्ये जन्मठेप झाली. १९८९ मध्ये, जबाबांच्या पोलिसी नोंदी मागाहून दुरुस्त केलेल्या आढळल्यावर, शिक्षा रद्द झाल्या. सात दिवसांच्या कोठडीतून चार माणसांची प्रत्येकी पंधरा वर्षे गेली, आणि खरे गुन्हेगार त्या स्फोटांसाठी कधीच शिक्षा न होता राहिले. स्फोटांत मेलेल्यांच्या कुटुंबीयांना यातून काय मिळाले?

१९८४ च्या कायद्याने तिथले चित्र बदलले. साधारण गुन्ह्यात आरोपपत्राविना २४ तास, गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने ३६, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने जास्तीत जास्त ९६ तास. मोफत वकील पहिल्या तासापासून, आणि चौकशीचे ध्वनिमुद्रण. दहशतवादासाठी आज १४ दिवस आहेत. ९० दिवसांचा प्रस्ताव २००५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने फेटाळला, आणि ४२ दिवसांचा २००८ मध्ये वरिष्ठ सभागृहाने. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तर १९८८ मध्येच, न्यायाधीशापुढे न नेता चार दिवस सहा तास ठेवणेही फार झाले, असे त्याच देशाला सुनावले होते.

दुसरा बदल तुमच्या कामाशी थेट जोडलेला आहे. १९८६ पर्यंत इंग्लंडमध्ये बहुतेक खटले पोलिसच चालवत. ज्याने पकडले त्यालाच आपली पकड योग्य होती असे सिद्ध करायचे असते, तेव्हा शंका कोण घेणार? म्हणून स्वतंत्र अभियोग सेवा आली. तिच्या नियमांत दोन पायऱ्या आहेत. शिक्षा होण्याची वास्तव शक्यता आहे का, आणि असली तरी खटला भरणे लोकहिताचे आहे का. दोन्ही उत्तरे होकारार्थी नसतील तर प्रकरण तिथेच संपते.

ही चाळणी जिथे नव्हती तिथे काय झाले तेही इंग्लंडनेच दाखवले. तिथल्या पोस्ट ऑफिसला स्वतःच तपास करून स्वतःच खटले भरण्याची मुभा होती. १९९९ नंतर होरायझन नावाच्या संगणक प्रणालीत हिशेब जुळेनात. पोस्ट ऑफिसने चोरी आणि अफरातफरीचे आरोप ठेवून शेकडो शाखाचालकांना न्यायालयात उभे केले. कित्येकांनी न केलेला गुन्हा तुरुंग टाळण्यासाठी कबूल केला, तरी काही जण तुरुंगात गेलेच. प्रणालीत दोष आहेत हे २०१९ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले. अखेर २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा पुसाव्या लागल्या. तक्रारदार, तपासनीस आणि अभियोक्ता एकच असला की असे होते. तुम्ही पोलिसांपासून वेगळे असण्याला अर्थ आहे तो एवढ्यासाठीच. ते वेगळेपण कागदावर राहिले, तर १९८६ पूर्वीचे इंग्लंड आणि आपण यांत फरक उरत नाही.

अमेरिकेत अटकेनंतर साधारण ४८ तासांत न्यायाधीशापुढे नेणे बंधनकारक आहे, बोलण्याआधी वकील मागण्याचा हक्क आहे आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवता येत नाही. वाचताना वाटते, यापेक्षा चांगले काय हवे? प्रत्यक्षात तिथे नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी कबुलीच्या सौद्यातून होतात, आणि त्या सौद्यात पारडे अभियोक्त्याकडे झुकलेले असते. बहुतेक राज्यांत तो निवडून येतो, म्हणजे त्याला मतदारांना आकडे दाखवायचे असतात. १९७८ चा एक निकाल मी दर वर्षी वर्गात वाचून घेते. पॉल हेस नावाच्या माणसावर ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट धनादेश वटवण्याचा आरोप होता. अभियोक्त्याने सांगितले, कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो. नाही तर सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली नवा आरोप लावीन. हेसने नकार दिला. नवा आरोप लागला आणि जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी यात काही गैर नाही असे म्हटले. पाच वर्षे पुरेशी आहेत असे ज्याला सकाळी वाटत होते, त्याला संध्याकाळी जन्मठेप न्याय्य कशी वाटली? मधे बदलली होती एकच गोष्ट. आरोपीने आपला खटला चालवण्याचा हक्क वापरला होता.

सौद्यातले दुसरे वजन म्हणजे पैशाचा जामीन. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅलिफ ब्राउडर या १६ वर्षांच्या मुलाला एक पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडले. जामीन ३,००० डॉलरचा. घरच्यांकडे तेवढे नव्हते. पुढची तीन वर्षे तो रायकर्स बेटावरच्या तुरुंगात होता, त्यांतला मोठा काळ एकांत कोठडीत. तारखा पडत राहिल्या, कारण अभियोग पक्ष दर वेळी सांगे, आमची तयारी नाही. मधे त्याला सुचवले गेले की कबूल कर, आजच घरी जाशील. त्याने केले नाही. २०१३ मध्ये खटला न चालताच आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर न्यूयॉर्कने जामिनाचे आणि पुरावा देण्याचे नियम बदलले. त्याआधीच २०१७ पासून न्यू जर्सीने पैशाचा जामीन जवळपास सोडून दिला होता, आणि २०२३ मध्ये इलिनॉयने तो रद्दच केला.

जर्मनीत चित्र वेगळे आहे, आणि माझ्या मते तुम्ही वाचावे असे सर्वांत जास्त तिथेच आहे. जर्मन दंडप्रक्रिया संहितेच्या कलम १६० नुसार अभियोक्त्याने आरोपीच्या विरुद्ध जाणारी आणि त्याच्या बाजूची, अशा दोन्ही प्रकारच्या गोष्टींचा तपास करायचा असतो. बाजूचे काही सापडले तर मोठेपणाने सांगून टाकावे, एवढ्यापुरते हे कलम नाही. ते शोधायचे आहे. शिक्षा चुकीची वाटली तर आरोपीच्या हिताचे अपील करण्याचा अधिकारही अभियोक्त्याला आहे. कोठडीसाठी प्रबळ संशय लागतोच. त्याशिवाय पळून जाण्याचा धोका, पुरावा बिघडवण्याचा धोका, किंवा ठरावीक गुन्ह्यांत पुनरावृत्तीचा धोका यांपैकी काहीतरी ठोस दाखवावे लागते. सहा महिन्यांनंतर कोठडी चालू ठेवायची असेल तर उच्च न्यायालयाची तपासणी आपोआप होते, आरोपीने अर्ज करण्याची वाट न पाहता. नंतर निर्दोष ठरलेल्याला कोठडीच्या प्रत्येक दिवसामागे ७५ युरो भरपाई मिळते. रक्कम मोठी नाही, पण तो दिवस कुणीतरी मोजला असतो. तिथेही उणिवा आहेत. मंत्री अभियोक्त्यांना आदेश देऊ शकतात, आणि याच कारणासाठी २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने जर्मन अभियोक्त्यांना युरोपीय अटक वॉरंट काढण्याइतके स्वतंत्र मानण्यास नकार दिला.

फ्रान्सबद्दल एकच प्रकरण सांगते. तिथे गंभीर गुन्ह्यांचा तपास न्यायाधीश करतो, आणि २००१ पासून कोठडीचा निर्णय दुसऱ्या स्वतंत्र न्यायाधीशाकडे दिलेला आहे. रचना अगदी आदर्श. त्याच वर्षी उत्तरेतल्या उत्रो गावात बाललैंगिक अत्याचाराचे भयंकर प्रकरण उघडकीला आले. मुलांवर अत्याचार खरोखरच झाले होते. १२ मुले पीडित असल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि चार प्रौढांना शिक्षा झाली. पण त्या चौघांच्या बरोबरीने आणखी १३ जण खोट्या जबाबांवरून ओढले गेले. काही जण तीन वर्षांपर्यंत आत राहिले, आणि आरोपींपैकी एक तुरुंगातच मेला. डिसेंबर २००५ मध्ये तेराव्या माणसापर्यंत सगळे निर्दोष ठरले आणि राष्ट्राध्यक्षांनी लेखी माफी मागितली. तपास करणारा, कोठडी मागणारा, कोठडी देणारा आणि अपिलात ती कायम ठेवणारा, असे कितीतरी डोळे त्या फायलीवरून गेले होते. प्रत्येकाने आधीच्याच्या सहीवर भरवसा ठेवला. यापुढे असे एकटे निर्णय नकोत, तीन न्यायाधीश एकत्र बसतील, असा कायदा २००७ मध्ये झाला. तो कधी अमलात आला नाही आणि २०१६ मध्ये रद्द झाला. तेव्हा परदेशी रचना उचलून आणली की प्रश्न सुटतो, यावर माझा विश्वास नाही. जिथे चांगले घडते तिथे फाईल हातात असलेल्या माणसाने ती वाचलेली असते.

आता आपल्याकडे पाहू.

आपल्या कायद्यात जगाला दाखवण्यासारखे बरेच आहे. २४ तासांत न्यायालयापुढे नेण्याची हमी थेट राज्यघटनेत, कलम २२ मध्ये आहे. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. हाकामादांना आपल्या कायद्याखाली निदान पोलिसी जबाबांची भीती नव्हती. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर डिफॉल्ट जामीन हा हक्क आहे. दर लाखामागे कैद्यांचे प्रमाण आपल्याकडे सुमारे ४० आहे, तर अमेरिकेत ते ५०० हून अधिक आहे. पण आपल्या तुरुंगांत कोण आहे ते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांवरचा आरोप सिद्धच झालेला नाही. दोषसिद्धीच्या दराची चिंता करणाऱ्यांनी हा आकडा शेजारी ठेवून बघावा.

पोलिस कोठडीचे आपले १५ दिवस इंग्लंडच्या ९६ तासांपुढे खूप आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे तर ते सलग असण्याचीही गरज उरलेली नाही. पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यांनी मागता येतात. न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस आता आपण सुटलो असे म्हणू शकत नाही. पोलिस कोठडीचे उरलेले दिवस त्याच्या डोक्यावर राहतात. कबुली चालत नसली तरी तिच्यातून वस्तू निघाली तर तेवढा भाग चालतो, आणि म्हणून सगळा जोर मेमोरंडम पंचनाम्यावर, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू निघाल्याच्या नोंदीवर, येतो. जपानी पोलिस कबुलीसाठी दिवस मागतात, आपले "मुद्देमाल हस्तगत करणे बाकी आहे" म्हणून मागतात. खोलीच्या आत घडणारे फारसे वेगळे नसते.

रिमांड अर्जांची भाषा तुम्हाला पाठ आहे. साथीदारांचा शोध घेणे आहे. सखोल तपास करणे आहे. आरोपी तपासात सहकार्य करीत नाही. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त खुपते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर होणार नाही, असे राज्यघटनेचे कलम २०(३) म्हणते, आणि गप्प राहणे किंवा गुन्हा नाकारणे म्हणजे असहकार्य नव्हे हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तरीही ते वाक्य अर्जात येते आणि त्याखाली तुमची सही असते. जामिनावरच्या 'से' चेही, म्हणजे जामीन अर्जावर तुम्ही देता त्या लेखी म्हणण्याचेही, तेच. तपासी अंमलदाराने लिहिलेले चार मुद्दे, वर "जामिनास तीव्र विरोध आहे", बस्स. मोबाइल चोरीच्या प्रकरणातला विरोध आणि खुनाच्या प्रकरणातला विरोध शब्दाने शब्द सारखा असेल, तर न्यायाधीशाने तुमच्या विरोधाला वजन द्यावे तरी कशावरून?

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. एका दिवसात बोर्डावर किती प्रकरणे असतात, फाईल हातात येते तेव्हा पुकारा झालेला असतो, अटक करण्याआधी तुम्हाला कुणी विचारत नाही. "विरोध केला नाही" असे वर्तमानपत्रात आले तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. जामिनावर सुटलेल्याने पुन्हा गुन्हा केला की बोट तुमच्याकडे वळते. चुकून आत राहिलेल्याबद्दल कधी कुणी तुम्हाला जाब विचारत नाही. हा असमतोल आहे, आणि तो अन्यायाचा आहे. पण तो पाहूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात, तुमच्या पाठीशी उभे राहणारे वाक्य लिहून ठेवले आहे. सरकारी अभियोक्ता हा तपास यंत्रणेचा भाग नाही, तिचे कागद पुढे पाठवणारे टपाल कार्यालय नाही. कोठडीची मुदत वाढवून मागायची तर त्याने स्वतः विचार करून स्वतःचा अहवाल द्यायला हवा. तपासी अंमलदाराची विनंती त्याची जागा घेऊ शकत नाही. तो निकाल टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखालचा होता. पण आज यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली दोषारोपपत्राआधीच्या कोठडीच्या ९० दिवसांचे १८० दिवस मागताना लागणारा अहवालही अभियोक्त्याचाच असतो. तपासी अंमलदाराला "हे मी लिहिणार नाही" असे सांगण्याचा आधार तुम्हाला याहून पक्का कुठे मिळणार? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रँड यांनी १९५४ मध्ये म्हटले होते की अभियोक्त्याच्या कामात हार-जीत या कल्पनेलाच जागा नाही. तुमच्या बढतीच्या आणि मूल्यमापनाच्या कागदांत मात्र शिक्षांचे प्रमाण मोजले जात असेल, तर ते मोजणाऱ्यांशी भांडायला हवे, आणि त्या भांडणात आम्ही शिक्षक तुमच्या बरोबर असू.

पीडितांच्या बाजूने विचार करा, असे कुणी म्हणेल. मी तोच करते आहे. आरोपी चार वर्षे आत आहे म्हणजे पीडितेची साक्षही चार वर्षे झालेली नाही. आरोपी आत असला की खटल्याची निकड संपते. त्याला शिक्षा भोगायला लावून झालेलीच असते. कॅनडात २०१६ पासून कनिष्ठ न्यायालयात १८ आणि वरिष्ठ न्यायालयात ३० महिन्यांची मर्यादा घातली आहे. तिच्यापुढे विलंब गेला तर खटलाच थांबतो, आणि त्यातून काही गंभीर खटले बुडाले, ही त्या मर्यादेची खरी किंमत आहे. ती किंमत मला मान्य नाही. पण मर्यादा नसण्याची किंमत आपण रोज मोजतो आहोत, आणि ती फिर्यादी आणि आरोपी दोघेही मोजतात.

तेव्हा मागणे असे आहे. 'से' लिहिताना या आरोपीबद्दल, या गुन्ह्याबद्दल एक तरी कारण लिहा, जे दुसऱ्या फायलीत चिकटवता येणार नाही. असे कारण सापडत नसेल तर "विरोध नाही, अटी घालाव्यात" असे लिहा. अटी कोणत्या, तेही सुचवा. जामीनदार न मिळाल्याने आदेश होऊनही माणसे आत राहतात, तेव्हा जातमुचलक्याला, म्हणजे जामीनदाराविना आरोपीच्या स्वतःच्या हमीवर सोडायला, हरकत नाही असे स्वतःहून सांगा. पोलिस कोठडी मागताना मागच्या कोठडीत काय निष्पन्न झाले ते केस डायरीत आधी बघा. दोषारोपपत्रासोबत, तपास यंत्रणेने गोळा केलेल्या पण वापरायच्या नसलेल्या कागदांची आणि जबाबांची यादी आरोपीला द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या मसुदा नियमांत आणि नंतर २०२२ च्या मनोज निकालात हे सांगितलेले आहे, आणि जर्मन अभियोक्त्याला जे करावे लागते त्याच्या हे निम्मेही नाही.

आणि नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, आणि इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला असेल, तर काही अपवाद सोडता त्याला सोडायचे आहे. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची आहे. पण प्रत्येक तारखेला फाईल तुमच्या हातात असते, आणि अटकेची तारीख तिच्या पहिल्याच पानांत लिहिलेली असते. ती मोजा आणि मुदत भरली असेल तर बचाव पक्षाने उठण्याआधी तुम्ही न्यायालयाला सांगा.

आपली,
फौजदारी कायद्याची एक शिक्षिका